आजारपणाच्या आधारे सरकारी घरात प्राधान्य: नाशिककरांसाठी अर्जाआधीची तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

डायलिसिस चालू आहे, दोनदा ॲन्जिओप्लास्टी झाली, अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तरी घराच्या सोडतीत आमच्या आजाराचा कुणी विचारच केला नाही. ही तक्रार मी दर सोडतीनंतर ऐकतो. तक्रार करणाऱ्यांच्या पिशवीत हॉस्पिटलची जाडजूड फाईल असते. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, औषधांची बिले, सगळे लावून ठेवलेले. एकच कागद नसतो, आणि घरवाटप करणारे कार्यालय नेमका तोच वाचते.

माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही हेच केले. जाहिरात आली, सर्वसाधारण प्रवर्गातून घाईघाईत अर्ज भरला आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. ती चिठ्ठी कुणी उघडूनही पाहिली नाही, कारण अर्जाच्या रचनेत तिला जागाच नव्हती. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती पडले तेव्हा सोडत होऊन गेली होती. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. जाहिरात दिसल्यावर सिव्हिलकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयाकडे, धावणारे आधीच उशिरा निघालेले असतात.

टप्पा १: आपला आजार कायद्याच्या यादीत कुठे बसतो ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश चला.

आपल्याकडे सार्वजनिक घरवाटपात ‘गंभीर आजार’ नावाचा वेगळा रकाना नाही. आधार आहे तो दिव्यांगत्वाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ नुसार गृहनिर्माण योजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण ठेवायचे आहे आणि त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यायचे आहे. म्हणजे पहिला प्रश्न ‘आजार किती मोठा’ हा नाही. त्या आजाराने शरीराची कोणती क्षमता कायमची गेली आणि ती किती टक्के गेली, हा खरा प्रश्न.

या कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचे अपंगत्व हे सगळ्यांना ठाऊक असतात. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, स्नायूंची दुर्बलता वाढत जाणारा मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मानसिक आजार, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातील इजा हेही त्यात आहेत, आणि हे अनेक घरांत माहीत नसते. पेठ, सुरगाणा, कळवण भागातून नाशकात कामाला आलेल्या कुटुंबांत सिकलसेलचे रुग्ण भेटतात. वर्षानुवर्षे त्यांचे रक्त तपासले जाते, पण हा आजार दिव्यांगत्वाच्या यादीत आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

आता दुसरी, कडू बाजू. किडनी निकामी होणे, कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, दमा ही नावे त्या यादीत नाहीत. या आजारांच्या नावावर आरक्षण मागितले तर मिळणार नाही. मात्र त्यांच्या परिणामातून आलेले दिव्यांगत्व यादीत बसू शकते:

- मधुमेहामुळे पाय कापावा लागला असेल तर ते चलनवलनाचे दिव्यांगत्व.
- मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब होऊन दृष्टी गेली असेल तर अंधत्व किंवा अल्पदृष्टी.
- घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढले असेल तर वाचा व भाषा दिव्यांगत्व. कायद्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.
- पक्षाघातानंतर अर्धे अंग लुळे पडले असेल तर चलनवलनाचे, आणि बोलणे गेले असेल तर वाचेचेही दिव्यांगत्व.

सातपूरच्या एका कामगाराकडे मधुमेहाची दहा वर्षांची फाईल होती. ‘मधुमेही’ म्हणून तो तीन ठिकाणी नाकारला गेला. गुडघ्याखाली कापलेला पाय त्याच्या पॅन्टखाली होता आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलेच नव्हते.

तपासा: एका कोऱ्या कागदावर आजाराचे नाव न लिहिता, रुग्णाला काय करता येत नाही एवढेच लिहा. जिना चढता येत नाही, उजवा हात उचलत नाही, दोन मीटरवरचा माणूस ओळखू येत नाही. ही यादी घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, ‘यातले २१ प्रकारांत काय बसते?’

टप्पा २: सिव्हिलमधून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

खासगी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मग ते कितीही मोठ्या हॉस्पिटलचे असो, इथे चालत नाही. सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्याच्याशी जोडलेले यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, लागते. नाशिककरांसाठी याचे मुख्य ठिकाण म्हणजे त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय, आपले सिव्हिल.

१. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा लागतो. आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा. वृद्धांच्या आधारला बंद पडलेला जुना नंबर जोडलेला असतो. तो आधी बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच ओटीपीला गाडी अडते.

२. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना थांबा. एकापेक्षा जास्त असतील तर सगळे नोंदवा. कारण पुढे सांगतो.

३. नोंदणी क्रमांकाची पावती छापून ठेवा.

४. कोणत्या प्रकाराची तपासणी कोणत्या वारी होते ते सिव्हिलमध्ये आधी विचारून या. डोळ्यांच्या रुग्णाने हाडांच्या वारी जाऊन दिवस घालवू नये. रुग्णाला नेण्याआधी घरातल्या कुणीतरी एकदा जाऊन खिडकी पाहून यावे.

५. तपासणीच्या दिवशी मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच. जुन्या कागदांतले सगळे नेऊ नका. निदान सिद्ध करणारा पहिला अहवाल, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि सर्वांत ताजा तपास पुरेसा असतो. उरलेली फाईल पिशवीत असू द्या, मागितली तर काढा.

रुग्ण अल्पवयीन असेल, बौद्धिक दिव्यांगत्व असेल किंवा स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर पालक त्याच्या वतीने अर्ज करू शकतात.

आता टक्क्यांचे गणित. हे समजून न घेतल्याने हातातले घर गेलेली माणसे मी पाहिली आहेत. दोन दिव्यांगत्वे असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, पण दोन्ही मोजली जातात. सूत्र असे: मोठ्या टक्क्यात, लहान टक्का गुणिले (९० वजा मोठा टक्का) भागिले ९०, हे मिळवायचे. समजा, पायाचे ३० टक्के आणि दृष्टीचे २५ टक्के आहे. ९० मधून ३० गेले की ६० उरले. २५ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे साधारण १६.७. एकूण साधारण ४६.७ टक्के. नुसता पाय दाखवणारा माणूस ३० वर अडकतो आणि आरक्षणाबाहेर राहतो. दोन्ही दाखवणारा आत येतो. म्हणून कानांची, डोळ्यांची तक्रार ‘वयामुळे आहे, त्यात काय’ म्हणून सोडून देऊ नका.

याच्या उलटही सांगतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर टक्केवारी ३० धरली जाते. एवढ्यावर ४० ची पायरी ओलांडता येत नाही. ते मनाशी धरून पुढची आखणी करा.

कार्डाचा रंगही पाहा. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ७९ ला पिवळे आणि ८० किंवा अधिकला निळे कार्ड मिळते. पांढरे कार्ड हातात घेऊन आरक्षणाच्या रांगेत उभे राहू नका.

सावधान: पक्षाघातासारख्या आजारात प्रकृती स्थिर होण्याआधी घाई केली तर तात्पुरते, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र हाती येते. अर्जाच्या आणि कागदपत्र पडताळणीच्या, दोन्ही वेळी त्याची मुदत शिल्लक हवी. मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टक्केवारी पटली नाही तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. खिडकीवर वाद घालून ते होत नाही. लेखी, तपासणीच्या अहवालांसह आणि विनाविलंब करा.

सावधान: ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा माणूस सिव्हिलच्या आवारात भेटला तर तिथून चालू लागा. खोट्या आधारे दिव्यांगांचा लाभ घेतल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि असे प्रत्येक खोटे कार्ड खऱ्या रुग्णाचे एक घर खाते. याबद्दल मी तडजोड करू शकत नाही.

टप्पा ३: कोणत्या दाराने जायचे ते ठरवा

कार्ड हातात आले की लोकांना वाटते, आता कुठेही चालेल. तसे नाही. प्रत्येक योजनेत आजारपणाचे वजन वेगळ्या तऱ्हेने मोजले जाते.

म्हाडाची सोडत. नाशिक गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळाचे कार्यालय गडकरी चौकात आहे. नाशकातली बरीच घरे २० टक्के सर्वसमावेशक योजनेतली असतात, म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या खासगी प्रकल्पात दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखलेला हिस्सा. इथे दिव्यांगांसाठी आरक्षण असते. त्यांची घरे वेगळी काढलेली असतात आणि त्या घरांसाठी फक्त दिव्यांग अर्जदारांत सोडत होते. प्रमाणपत्र अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे लागते. मुलगा दिव्यांग आणि अर्ज वडिलांचा, अशा वेळी वडिलांना या प्रवर्गाचा लाभ मिळत नाही.

प्रधानमंत्री आवास योजना, शहरी. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. इथे दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, विधवा, एकल महिला यांना पसंतीक्रम आहे, आणि इथे कुटुंब हा घटक आहे. घरातली एक व्यक्ती दिव्यांग असली तरी तिचा विचार होतो. भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांच्या मार्गदर्शक सूचनांत तर दिव्यांग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत असे स्पष्ट लिहिले आहे. ज्यांचा आजार ४० टक्क्यांत बसत नाही, पण घरात साठीच्या पुढचे, जिना न चढणारे माणूस आहे, त्यांच्यासाठी हे दार जास्त कामाचे. चौकशी शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, महापालिकेत.

न विकल्या गेलेल्या घरांची ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ योजना. यात आजाराला वेगळे वजन नाही. तरी रुग्णाच्या कुटुंबासाठी मी ही योजना दुर्लक्षित करू देत नाही, कारण घर समोर पाहून निवडता येते. तळमजला उपलब्ध असेल तर तोच घेता येतो. सोडतीत नशिबाने पाचवा मजला लागण्यापेक्षा हे कधीकधी बरे पडते.

ग्रामीण भाग. नाशिक तालुक्यातली खेडी, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी इथे घरकुलाचा क्रम ग्रामपंचायतीच्या यादीतून येतो. दिव्यांग सदस्य आहे आणि धडधाकट प्रौढ कुणी नाही, ही वंचिततेची एक अधिकृत खूण आहे. तशी नोंद सर्वेक्षणात झाली आहे का ते ग्रामसेवकाकडे पाहा आणि ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा हजर राहा. मंजूर यादी लागल्यावर केलेला आरडाओरडा कामाला येत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘अमक्याला कॅन्सर म्हणून क्वार्टर मिळाले’ असे नाशिकरोडकडे ऐकू येते. सरकारी नोकरांच्या निवासस्थानांचे नियम वेगळे असतात आणि त्यांत गंभीर आजाराच्या कारणाने क्रमाबाहेर विचार होऊ शकतो. ते भाड्याचे, नोकरीशी जोडलेले घर. त्याचा दाखला देऊन म्हाडाच्या मालकीच्या घरात सवलत मागता येत नाही.

तपासा: आरक्षण आणि पसंतीक्रम यांतला फरक समजला का? आरक्षणात तुमच्यासाठी वेगळी घरे असतात. पसंतीक्रमात घरे सगळ्यांची तीच असतात, पात्र ठरल्यावर रांगेतली तुमची जागा बदलते. पण पात्रता दोन्हीकडे पूर्ण लागते. आजार आहे म्हणून उत्पन्नाची किंवा घर नसल्याची अट कुणी सोडत नाही.

टप्पा ४: बाकीचे कागद आजारपणाच्या कागदांइतकेच महत्त्वाचे

हा भाग लवकर उरकतो, पण बहुतेक फाईल इथेच पडतात.

- आधार आणि पॅन. नावाचे स्पेलिंग दोन्हीवर आणि यूडीआयडी कार्डावर एकच हवे. एकीकडे मधले नाव आणि एकीकडे नुसते आद्याक्षर, हे आधी दुरुस्त करा.
- अधिवास प्रमाणपत्र. बारकोड असलेले, अलीकडचे. वीस वर्षांपूर्वीचे हाताने लिहिलेले सेतूतून नवे करून घ्या.
- उत्पन्नाचा पुरावा. आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, जाहिरातीत मागितलेल्या नेमक्या आर्थिक वर्षाचा. म्हाडात पती आणि पत्नी दोघांचे उत्पन्न धरले जाते.
- घर नसल्याची अट. प्रधानमंत्री आवासमध्ये कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नको. म्हाडाची अट संबंधित शहराच्या हद्दीपुरती असते. गावाकडच्या वडिलोपार्जित घरात तुमचे नाव लागले आहे का, ते आधी पाहा.

म्हाडाच्या नव्या ऑनलाइन प्रणालीत कागदपत्रे सोडतीआधीच अपलोड करायची असतात. ‘नंबर लागला की आणून देऊ’ हे दिवस गेले. जाहिरातीची वाट न पाहता नोंदणी करून ठेवा.

उत्पन्न दाखला आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र यांत एक गाठ आहे, ती सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावे उत्पन्न शून्य दिसते. मग बँक कर्ज नाकारते आणि लागलेले घर परत जाते. म्हणून अर्ज भरण्याआधीच बँकेत जाऊन, कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नावर किती कर्ज बसेल ते विचारून घ्या. पंचवटीतल्या एका ताईंना दिव्यांग प्रवर्गातून घर लागले होते आणि पैशाची सोय मुदतीत न झाल्याने सोडावे लागले. आठवले की अजून वाईट वाटते.

टप्पा ५: जाहिरातीतला तक्ता वाचा, मग अर्ज भरा

जाहिरात आली की लोक किंमत आणि ठिकाण पाहतात. तुम्ही आधी प्रवर्गनिहाय तक्ता उघडा.

नाशकातल्या २० टक्के योजनेत एकेका प्रकल्पात घरे थोडी असतात. पंधरा घरांचे ५ टक्के म्हणजे पाऊण घर. त्यामुळे काही संकेतांकांत (जाहिरातीत प्रत्येक प्रकल्पाला दिलेला क्रमांक) दिव्यांगांसाठी एक घर असते आणि काहींत शून्य. आडगावचा प्रकल्प आवडला, पण तिथे दिव्यांग रकान्यात शून्य असेल तर तिथे तुमच्या कार्डाचा उपयोग नाही. ज्या संकेतांकात तुमच्या उत्पन्न गटापुढे आणि तुमच्या प्रवर्गापुढे आकडा आहे, तिथेच प्रवर्गातून अर्ज करा.

अनामत रक्कम भरण्याआधी जागेवर जाऊन या. मखमलाबाद, पाथर्डी, म्हसरूळ, देवळाली शिवार, जिथे असेल तिथे. जाताना पाहा:

- राखीव घरांची इमारत वेगळी आहे का? असल्यास तिला लिफ्ट आहे का? मुख्य इमारतीची लिफ्ट तुमची नव्हे.
- वीज गेली तर लिफ्ट चालते का? घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर हा प्रश्न पहिला.
- रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती?
- उपचाराच्या ठिकाणी कसे पोहोचायचे? आठवड्यातून तीनदा शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात जायचे असेल तर शहराच्या टोकावरचे स्वस्त घर रिक्षाभाड्यात महाग पडते. सिटीलिंकचा थांबा किती लांब आहे, ते रुग्णाच्या पायाने मोजा, तुमच्या पायाने नाही.

अर्जात प्रवर्ग निवडताना बोट घसरते ते इथे. सर्वसाधारण निवडून खाली दिव्यांग प्रमाणपत्र जोडले तर अर्ज सर्वसाधारणच राहतो. अंतिम ‘सबमिट’ आधी पडद्याचा फोटो काढा, प्रवर्ग मोठ्याने वाचा, शेजारच्या माणसाकडून वाचवून घ्या.

सावधान: म्हाडाने घर मिळवून देण्यासाठी कुणीही दलाल नेमलेला नाही. ‘मेडिकल कोट्यातून’ किंवा ‘मंत्र्यांच्या कोट्यातून’ घर देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा माणूस तुमच्या आजारावर धंदा करतो आहे.

टप्पा ६: मजल्यासाठी लेखी विनंती

आरक्षणातून घर लागले म्हणजे तळमजला लागला असे नाही. हे दोन वेगळे विषय आहेत, आणि मजल्याची विनंती वेगळी, लेखी करावी लागते. डॉक्टरांचे पत्र खऱ्या अर्थाने इथे कामाला येते. पण नेहमीसारखे नाही.

‘सदर रुग्णास हृदयविकार असून सहकार्य करावे’ एवढ्या ओळीने काही होत नाही. पत्रात हे असू द्या: निदान, केव्हापासून आहे, कायमचे आहे की वाढत जाणारे, रुग्ण न थांबता किती चालतो, किती पायऱ्या चढू शकतो, कोणते उपकरण वापरतो, आठवड्यातून किती वेळा रुग्णालयात जावे लागते, सोबत माणूस लागतो का. तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. शक्यतो सरकारी रुग्णालयातले.

विनंती अर्ज एका पानात बसवा. नमुना असा:

‘प्रति, मा. मुख्य अधिकारी, नाशिक गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळ. विषय: तळमजल्यावरील सदनिका मिळणेबाबत. मी संकेतांक अमुक मधून दिव्यांग प्रवर्गात विजेता ठरलो आहे. माझा यूडीआयडी क्रमांक अमुक असून चलनवलनाचे दिव्यांगत्व ६० टक्के आहे. मला मिळालेली सदनिका चौथ्या मजल्यावर आहे. सोबतच्या वैद्यकीय पत्रानुसार मी चारपेक्षा जास्त पायऱ्या चढू शकत नाही. याच संकेतांकात खालच्या मजल्यावरील सदनिका रिक्त असल्यास किंवा अन्य विजेता अदलाबदलीस लेखी संमती देत असल्यास त्याप्रमाणे विचार व्हावा, ही विनंती.’

दयेची भाषा नको. आजाराची कहाणी नको. आकडा, मजला, मागणी एवढेच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. ‘ठेवून जा भाऊ, साहेब बघतील’ असे कुणी प्रेमाने म्हणाले तरी शिक्का घ्याच. महिनाभराने जेव्हा अर्ज सापडत नाही, तेव्हा तो शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो.

आणि हे लक्षात ठेवा: मजल्याचा निर्णय लागेपर्यंत स्वीकृतीची आणि पैसे भरण्याची मुदत थांबत नाही. विनंती एका हाताने द्या, मुदत दुसऱ्या हाताने पाळा.

टप्पा ७: नाकारले गेले तर

तोंडी ‘होणार नाही’ हा निर्णय नसतो. लेखी कारण मागा. अपात्रतेचे कारण साधे असते तेव्हा, जसे नावातला फरक किंवा चुकीच्या वर्षाचा दाखला, दिलेल्या मुदतीत अपील करून दुरुस्त होते. म्हणून मोबाईलवर येणारे संदेश आणि ईमेल रोज पाहा. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकून अर्ज भरला असेल तर हा संदेश तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

कारण समजत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, उत्तर ३० दिवसांत. ‘माझ्यावर अन्याय का केला’ असे विचारू नका. अमुक संकेतांकात दिव्यांगांसाठी किती घरे होती, किती अर्ज आले, किती पात्र ठरले, माझ्या अर्जावर काय शेरा आहे, असे मोजता येणारे प्रश्न विचारा.

आरक्षणच ठेवले नसेल तर तक्रार दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, पुण्याला. सोबत जाहिरातीचा तक्ता आणि तुमच्या अर्जाची प्रत जोडा. कलम ३७ चा उल्लेख करा.

टप्पा ८: ताबा घेण्याच्या दिवशी

देकार पत्र (ऑफर लेटर), कर्ज, मुद्रांक शुल्क, नोंदणी हे सगळे इतर विजेत्यांसारखेच. रुग्णाच्या घरासाठी ताबा घेताना मात्र एक जास्तीचे काम आहे. ताबा पावतीवर सही करण्याआधी रुग्णाला, निदान त्याची चाकखुर्ची, त्या घरात घेऊन जा. मुख्य दार, बेडरूमचे दार आणि बाथरूमचे दार, तिन्हींतून खुर्ची जाते का ते प्रत्यक्ष ढकलून पाहा. बाथरूमचे दार नेहमी सगळ्यात अरुंद निघते. उंबरा किती उंच आहे, कमोड बसवायला जागा आहे का, आधाराचा दांडा भिंतीत बसेल का, हे टेपने मोजा आणि जे अडते ते पावतीवरच लिहून द्या. प्रवेशाच्या पायऱ्यांशेजारी उतार करून हवा असेल तर तसा अर्ज त्याच दिवशी विकासक आणि मंडळ, दोघांनाही द्या. इमारतीत अजून बाकीचे राहायला आलेले नसतात आणि गवंडी जागेवरच असतो, तेव्हा हे काम एका दिवसात होते.